चिंचोक्याच्या रंगाचं अंडं : बेळगाव-खानापूरकडच्या परसात मारान्स कोंबड्या

आमच्या परसातल्या मारान्स तलंगेनं, म्हणजे नुकत्याच अंड्यावर आलेल्या तरुण कोंबडीनं, पहिलं अंडं घातलं, ते मी घातल्याघातल्या उचललं. अजून ओलसर होतं. सहज अंगठा फिरवला तर अंड्यावर फिकट पट्टा उमटला आणि अंगठ्याला तपकिरी रंग लागला. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. "चहात बुडवून ठेवलीस काय गं हे?" म्हणाल्या.

रंग खरा होता, पण तो कवचात मुरलेला नव्हता, वरून चढलेला होता. अंड्यावर कवच चढायला कोंबडीच्या पोटात साधारण २० तास लागतात. गडद तपकिरी रंग त्यातल्या शेवटच्या काही तासांत वरून बसतो. प्रोटोपॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य आहे ते. म्हणून ताजं ओलं अंडं चोळलं तर रंग निघतो, वाळलेल्यावर नखानं ओरखडलं तर खालचा फिकट थर दिसतो, आणि फोडलं की कवच आतून फिकटच असतं. आतला बलक आणि पांढरा भाग इतर अंड्यांसारखाच. गडद अंडं जास्त पौष्टिक असतं असं कुणी सांगून विकत असेल तर ते खोटं आहे.

तरीही ही कोंबडी मला फार आवडते. खानापूर तालुक्यातल्या पावसात ती पाळताना मी काय शिकले, कुठे चुकले, ते क्रमानं सांगते. आमच्याकडे मारान्सची पिल्लं विकत घेणारे वाढलेत, पण दोन पिढ्यांत बहुतेकांच्या घरी अंड्याचा रंग उतरून साध्या तपकिरीवर येतो. तो का उतरतो आणि कसा टिकवायचा, हे कळावं म्हणून लिहायला बसले.

आधी जात नीट ओळखा

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याला ला रोशेल बंदर आहे. त्याच्याजवळ मारान्स नावाचं गाव, आजूबाजूला सगळा पाणथळ, दलदलीचा मुलूख. बंदरात येणाऱ्या जहाजांवरचे झुंजीचे कोंबडे तिथल्या गावठी कोंबड्यांत मिसळले, पुढे पायांवर पिसं असलेल्या लँगशान या आशियाई जातीचं रक्त आलं, आणि त्यातून ही कोंबडी घडली. १९२९ साली फ्रान्समध्ये तिची पाळणाऱ्यांची संस्था निघाली, १९३१ साली जातीची लक्षणं लिहून पक्की झाली. फ्रेंच माणूस शेवटचा स न उच्चारता नाकातून 'मारां' म्हणतो. आपल्याकडे सगळे मारान्सच म्हणतात, मीही तेच लिहिते.

कोंबडा साडेतीन ते चार किलोचा, कोंबडी अडीच ते तीन किलोची. वर्षाला १५० ते २०० अंडी, एकेक ६५ ग्रॅमच्या आसपास. आपली गावठी वर्षाला ५०-७० देते, त्या मानानं खूप. पण अंड्यांचा धंदाच करायचा असेल तर मारान्सच्या मागे लागू नका. लेअर जातींच्या, म्हणजे खास अंड्यांसाठीच्या कोंबड्या तिच्यापेक्षा कितीतरी जास्त घालतात, आणि अंडी-मांस दोन्ही हवं असेल तर बेंगळुरूच्या हेब्बाळला तयार झालेली गिरिराज आपल्या परसात सुखानं राहते. मारान्स उशिराही लागते. सहा-सात महिन्यांची झाल्याशिवाय पहिल्या अंड्याची आशा धरू नका.

विकत घेताना पक्षी हातात धरून चार गोष्टी पाहा. कानाची पाळी लाल हवी. पांढरी दिसली तर दुसरं रक्त आहे. डोळा नारिंगी-तांबडा हवा. तुरा एकच, उभा, आणि त्याच्या बगलेला फुटवा नको. पाय पिवळे नकोत. ते पांढरट-गुलाबी हवेत, काळ्या रंगाच्या पक्ष्यात पाटीच्या दगडासारखे करडे. फ्रेंच वाणात नडगीच्या बाहेरच्या बाजूला आणि बाहेरच्या बोटावर थोडी पिसं असतात. इंग्लंडात गेलेल्या वाणाचे पाय मात्र स्वच्छ, बिनपिसांचे. म्हणजे नुसत्या बिनपिसांच्या पायावरून पक्षी खोटा ठरत नाही, पण विकणारा 'फ्रेंच ब्लॅक कॉपर' म्हणत असेल आणि पायावर एक पीस नसेल तर पैसे देऊ नका.

सगळ्यात जास्त मागणी या ब्लॅक कॉपरलाच. अंग काळं, मानेवर तांब्याची झळाळी. शिवाय गव्हाळ, पांढरी, निळसर-करडी, आणि पट्ट्यापट्ट्यांची कुकू असे बरेच रंग आहेत. निळ्याचा हिशेब लक्षात ठेवा. निळा आणि निळी जोडली तर सरासरी निम्मी पिल्लं निळी, पाव काळी आणि पाव फिकट शिंतोड्यांची निघतात. त्यात फसवाफसवी नाही, त्या रंगाची रीतच तशी.

खुराडं: झड आणि मुंगूस

बेळगाव शहराला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. जांबोटी, कणकुंबीकडे सरकलात की पाऊस आणखी वाढतो. मारान्स दलदलीच्या मुलखातली म्हणून ओल सोसते असं ऐकून काही जण निष्काळजी राहतात. थंड हवा ती सोसते. पण ओल्या भुशावर दिवसरात्र उभं राहणं कोणतीच कोंबडी सोसत नाही, आणि पायांवर पिसं असलेली तर मुळीच नाही. पिसांत चिखल वाळतो, गोळे होतात, त्याखाली कातडी सोलते.

सात पक्ष्यांसाठी, म्हणजे एक कोंबडा आणि सहा कोंबड्या, आत किमान २८ चौरस फूट जागा धरा. आमचं खुराडं चार बाय सात फुटांचं आहे. जांभ्या चिऱ्यांचं जोतं दीड फूट उंच, वर मंगळुरी कौलं, आणि कौलांची पागोळी भिंतीपासून अडीच फूट लांब पडेल इतकी पुढे काढलेली. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून तिरका येतो. ती बाजू पूर्ण भिंतीची, पूर्वेची बाजू जाळीची. सकाळचं ऊन आत येतं, वारा खेळतो आणि झड आत येत नाही.

जाळी अर्धा इंची, वेल्ड केलेली घ्या. षटकोनी कोंबडीजाळीनं कोंबडी आत राहते, पण साप आणि घूस बाहेर राहत नाहीत. मुंगूस खालून उकरतं, म्हणून जाळीच्या कडेनं फूटभर खोल चिरे पुरले आहेत. रात्री रानमांजर कडी हलवून बघतं. साधी कडी पुरत नाही, खिट्टीत खिळा अडकवा.

बसायचा दांडा जमिनीपासून दीड फुटावर, दोन-तीन इंच रुंद, कडा गोल केलेला. ही जड कोंबडी आहे. गावठीसारखी उंचावरून उडी मारली की तळव्याला इजा होते, आत पू धरतो आणि ती लंगडते. अंडी घालायला तीन-चार कोंबड्यांमागे १४ इंची एक खोका पुरतो. त्यात भाताचं पिंजर जाड घाला, गडद अंडं घासलं गेलं की चरे उमटतात आणि मळलेलं अंडं धुता येत नाही.

खाली भाताचं तूस चार बोटं जाड. पावसाळ्यात रोज काठीनं वर-खाली करायचं. खुराड्यात वाकल्यावर नाकाला झोंबलं तर तूस त्याच दिवशी बदला. उद्यावर टाकलं की डोळे आणि छाती धरते.

अंडी आणा, पण पाऊस सरल्यावर

या भागापुरतं मी ठामपणे सांगते: मारान्सची पिल्लं दसऱ्यानंतर काढायला घ्या आणि माघ संपला की बंद करा. याचं कारण मी २४ अंडी घालवून शिकले.

ते जुलैचे दिवस होते. बाहेर सलग पाऊस, भिंतींना ओल. उबवणी यंत्राबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं तसं मी तळाच्या तबकात पाणी भरलं आणि २४ अंडी लावली. एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं बाहेर आली. आणखी दोन दिवस वाट पाहिली. मग बाकीची अंडी एकेक करून फोडली. आत पूर्ण वाढलेलं, पिसं आलेलं पिल्लू, पण ओलं गच्च, चिकट पाण्यात वेटोळं झालेलं. वरच्या बाजूला हवेची जागा बोटाच्या पेराएवढीही नव्हती. पिल्लं श्वास घ्यायला चोच वर नेतात, आणि तिथे हवाच नव्हती.

अंड्यातलं पाणी उबवणीत हळूहळू उडून जायला हवं. अठराव्या दिवसापर्यंत वजन साधारण १२ टक्के घटलं पाहिजे. ६५ ग्रॅमचं अंडं ५७ वर यायला हवं. मारान्सच्या अंड्यावर रंगाचा आणि वरच्या लेपाचा जाड थर असतो, त्यातून पाणी सावकाश उडतं. त्यात आपली पावसाळी हवा आधीच भरलेली, आणि वर मी तबकात पाणी ओतलं होतं.

आता यंत्र वापरते तेव्हा तापमान ३७.५ अंश, आणि पहिले १८ दिवस आर्द्रता ३५ ते ४० टक्के ठेवते. थंडीत बाहेरची हवा कोरडी असते, तरी तबकात पाणी अगदी थोडं लागतं, कधी लागतही नाही. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करून आर्द्रता ६५-७० वर नेते आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत झाकण उघडत नाही. स्वस्तातला आर्द्रतामापक सरळ खोटं दाखवतो, म्हणून आधी तपासून घ्या. बाटलीच्या बुचात मीठ ओलसर चिखलासारखं कालवा, मापकासोबत घट्ट बरणीत आठ-दहा तास ठेवा. काटा ७५ वर यायला हवा. ८२ दाखवला तर तुमचा मापक सात जास्त सांगतो, तेवढे वजा धरा. अंडी सोनाराकडच्यासारख्या छोट्या काट्यावर दर सहा दिवसांनी तोलून वहीत लिहा. वजन कमी घटत असेल तर पाणी काढा, जास्त घटत असेल तर थोडं ओता. मापकापेक्षा हा काटा खरा.

बाहेरगावाहून बसनं आलेली अंडी लगेच लावू नका. जाड बाजू वर करून किमान १२ तास, शक्य तर दिवसभर स्वस्थ ठेवा, आतली हवा जागेवर बसते. घरची अंडी साठवायची असतील तर सात दिवसांच्या वर नकोत. टोक खाली, दिवसातून एक-दोनदा कूस बदलून. फ्रीजमध्ये मुळीच नाही. थंडीत आमच्याकडे जमिनीत अर्धा पुरलेला मातीचा माठ आहे, तळाशी ओलसर वाळू, वर कोरडं फडकं आणि त्यावर अंडी. छान राहतात.

दिव्यावर अंडं तपासायचं म्हणाल, तर गावठी अंड्यात सातव्या दिवशी शिरा दिसतात तशा इथे दिसत नाहीत. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत थांबा, पूर्ण काळोखात, जोरदार बॅटरीनं बघा. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर अंडं टेकवा, म्हणजे कडेनं उजेड निसटत नाही. तरीही फार गडद अंड्यात शिरा नाही दिसत. जाड टोकाशी हवेची रेष ठळक आणि खाली सगळं काळंभोर असेल तर पिल्लू आहे असं समजा. शंका असेल तर राहू द्या. घाईनं टाकलेल्या अंड्यात मला एकदा जिवंत पिल्लू सापडलंय.

यंत्राचं एवढं सांगितलं, पण ज्यांच्या घरी खुडूक गावठी कोंबडी आहे त्यांनी यंत्र विकतच घेऊ नये. मारान्स स्वतः कधी खुडूक बसते, कधी बसत नाही, आणि बसली तरी जड अंगानं अंडी फोडते. आमची एक तांबडी गावठी आहे, ती वर्षातून तीनदा हटकून खुडूक होते आणि सगळी मारान्स तिच्याच पोटाखाली निघतात. लाईट गेली काय, आली काय, तिला फरक पडत नाही.

तिला रवणाला बसवायची रीत आमच्या सासूबाईंची. खुडूक झाली की आधी दोन दिवस खोटी अंडी घालून बघायची, खरोखर टिकून बसते का. बुट्टीत खाली राख मिसळलेली वाळू, वर पिंजर, आणि कडेला एक कोळसा. कोळसा कशाला म्हणून मी विचारलं, तर "आमची आई घालायची" एवढंच उत्तर. मीही घालते. राखेचं कारण मात्र मला ठाऊक आहे, गोचीड आणि पिसवा दूर राहतात. रात्री, दिवा न लावता, खोटी अंडी काढून खरी सरकवायची. स्वतःची दहा-बारा अंडी झाकणारी गावठी मारान्सची सातच झाकू शकते. आठवं घातलंत तर रोज वेगळं अंडं बाहेर पडून गार होतं आणि एकाच्या लोभानं तीन जातात. रोज एकदा तिला उचलून दाणा-पाणी दाखवा, पंधरा-वीस मिनिटांत ती आपोआप परतते.

पिल्लं आणि लस

गावठी आईखाली निघालेल्या पिल्लांचं फारसं काही करावं लागत नाही. पहिले तीन आठवडे आईसकट डालग्याखाली ठेवा, घार आणि कावळा दोघेही टपून असतात. यंत्रातल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब द्या आणि दर आठवड्याला तीनेक अंश उतरवा. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर गार आहे. भिंतीकडे पळून चोच वासत असतील तर गरम. पाण्याच्या थाळीत गोटे घाला, नाहीतर बुडतात.

मानमोडी हा सगळ्यात मोठा वैरी. सरकारी दवाखान्यात रानीखेत म्हणा किंवा कन्नडमध्ये कोक्करे रोग म्हणा, लगेच कळतं. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीच्या लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात, साधारण चौदाव्या दिवशी गंबोरो या पिल्लांच्या रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहा ते आठ आठवड्यांत देवीची लस पंखाच्या पडद्यात, आणि आठ-दहा आठवड्यांत मानमोडीचं आर-टू-बी इंजेक्शन. पुढे दर सहा महिन्यांनी मानमोडीची लस परत. तुमच्या भागात कोणता रोग फिरतोय ते पशुवैद्याला माहीत असतं, वेळापत्रक त्यांना दाखवून पक्कं करा.

लशीची कुपी मोठी येते, शंभर-दोनशे पक्ष्यांची, आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सात पिल्लांसाठी कोण आणणार, म्हणून घरोघरी लस राहून जाते. आम्ही गल्लीतल्या सहा घरांनी वार ठरवला. एक जण थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणतो, दुपारनंतर ऊन उतरलं की घरोघर फिरून गावठी, गिरिराज, मारान्स सगळ्यांना एकदम. तुमच्या सातांना लस देऊन शेजारच्या वीस गावठींना दिली नाहीत तर रोग कुंपणापाशी थांबत नाही.

पिल्लांची विष्ठा रक्ताळ दिसली, पिल्लं पिसं फुलवून बसली, तर ती रक्ती हगवण. ओल्या तुसातून येते. तूस तात्काळ काढा आणि दवाखान्यात विचारून अँप्रोलियम पाण्यातून द्या. उशीर एका रात्रीचाही नको. आणि एकाएकी बरेच पक्षी मेले तर ते कापू नका, खाऊ नका, कुणाला देऊही नका. दवाखान्यात कळवा.

खाद्य

पहिले आठ आठवडे वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनांचं पिल्लांचं तयार खाद्य द्या. इथे काटकसर केलीत तर ती कोंबडी आयुष्यभर खुजी राहते. पुढे आपल्याकडचं धान्य मिसळता येतं. मका, ज्वारी, तांदळाची कणी, नाचणी, सोयाबीनची पेंड, शेंगपेंड. नुसती मका-कणी घालून अंडी मागू नका, चरबी चढते आणि अंडं थांबतं. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १२० ते १३० ग्रॅम खाद्य लागतं, त्यात १६-१७ टक्के प्रथिनं हवीत. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला लागतो ती खाते. कारवार-गोव्याकडची सुकट घालत असाल तर धुऊन, मीठ काढून. बुरशीचा वास येणारा मका किंवा शेंगपेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, त्या विषानं यकृत जातं आणि कोंबडी का मेली तेही कळत नाही.

खाद्यानं अंड्याचा रंग गडद होतो का, हे मला सगळेच विचारतात. होत नाही. गाजर, झेंडू, मका यांनी आतला बलक पिवळाधमक होतो. कवचाचा रंग वंशाचा. उन्हाचा ताप, भीती, आजार यांनी तो फिका पडतो, एवढंच.

रंग टिकवायचा कसा

मारान्सच्या अंड्याला १ ते ९ अशी रंगाची पट्टी आहे आणि ४ च्या खालचं अंडं घालणारी कोंबडी मारान्स म्हणून धरत नाहीत. छापील पट्टी मिळेपर्यंत मी घरातल्या वस्तूंवर काम चालवलं. नवा गूळ म्हणजे ३, बेळगावी कुंदा ५, खारीक ६ किंवा ७, चिंचोका ८. एका डबीत हे सगळं आजही आहे (कुंद्याच्या जागी रंगवलेला पुठ्ठा, कारण कुंदा टिकत नाही). दर अंड्यावर पेन्सिलीनं तारीख आणि कोंबडीच्या पायातल्या वाळ्याचा रंग लिहायचा, शेजारी आकडा. कोणतं अंडं कुणाचं हे कळायला एखादी सुट्टीची सकाळ खुराड्यापाशी बसून काढावी लागते. दोन-तीन सकाळींत प्रत्येकीचं अंडं डोळ्यांना ओळखीचं होतं, कुणाचं ठिपक्यांचं, कुणाचं लांबट.

एका अंड्यावरून निकाल देऊ नका. हंगामाची पहिली अंडी सगळ्यांत गडद असतात, घालत जाईल तसा रंग उतरतो, आणि पिसं गाळून विश्रांती घेतली की पुन्हा चढतो. म्हणून तुलना करायची तर एकाच आठवड्यातल्या अंड्यांची करा. तलंगेची अगदी पहिली, लहान अंडीही उबवायला नकोत. ५५ ग्रॅमच्या पुढे गेली की घ्या.

आता बहुतेकांची चूक होते ती जागा. लोक गडद अंडं घालणारी कोंबडी जपतात आणि कोंबडा मात्र देखणा बघून ठेवतात. कोंबडा अंडं घालत नाही, पण त्याच्या लेकींच्या अंड्याचा अर्धा रंग त्याच्याकडून येतो. कोंबडा कोणत्या अंड्यातून निघाला हे वहीत नसेल तर तो जोडीला वापरू नका, मानेवर कितीही तांबं झळाळो. सगळ्यात गडद अंड्यांवर लावण्यापूर्वीच खूण करा, त्यातली पिल्लं निघताना वेगळी ठेवा, पायात रंगीत वाळं घाला. पुढचा कोंबडा त्यांच्यातूनच.

दुसरी चूक शेजारच्या कोंबड्याची. कुंपणावरून येणारा गावठी कोंबडा एका सकाळीत वर्षाची मेहनत घालवतो. कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन ते तीन आठवडे जिवंत राहतं. तेव्हा उबवायची अंडी धरण्याआधी निवडलेल्या कोंबड्या पूर्ण तीन आठवडे बंदिस्त, फक्त ठरवलेल्या कोंबड्यासोबत ठेवा. त्या काळातली अंडी खा, विका, उबवू नका. एका कोंबड्यामागे आठ-दहापेक्षा जास्त कोंबड्या नकोत.

छाटणी तीनदा करते. आठव्या आठवड्यात वाकड्या चोचीचे, वाकड्या बोटांचे काढते. पाच-सहा महिन्यांत पांढऱ्या पाळीचे, पिवळ्या पायांचे, तुऱ्याला फुटवा असलेले. आणि तलंग लागली की तिच्या पहिल्या महिन्याच्या अंड्यांवर. काढलेल्या कोंबड्या वाया जात नाहीत. नर जड असतात, घरी रश्श्याला होतात; फिकट अंड्याच्या माद्या शेजारणी आनंदानं नेतात.

पिल्लू एक दिवसाचं असताना नर-मादी ओळखायची असेल तर कुकू कामाला येते. ब्लॅक कॉपर कोंबडा आणि कुकू कोंबडी जोडा: डोक्यावर पांढरा ठिपका असलेली पिल्लं नर, ठिपका नसलेली काळी माद्या. उलट जोडीत, म्हणजे कोंबडा कुकू असेल तर, हे चालत नाही. ही पिल्लं अंड्यासाठी उत्तम, पण पुढच्या शुद्ध जोडीत घेऊ नका.

भावाबहिणींची जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालली की अंडी पोकळ निघायला लागतात. आम्ही तीन घरांनी मिळून फेरी लावली आहे. प्रत्येक घरी एक कळप. माद्या जन्मल्या घरीच राहतात, निवडलेला नर पुढच्या घरी जातो. पहिल्याचा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा पहिल्याकडे. सासूबाई त्याला घरजावयांची फेरी म्हणतात. बरीच वर्षं बाहेरचं रक्त न आणता चालतं, अट एवढीच की तिन्ही घरी वही हवी.

पावसाळा आणि उन्हाळा काढताना

आषाढ-श्रावणात अंडी कमी होतात, त्यात घाबरण्यासारखं नाही. ढगाळ दिवसांत उजेड पुरत नाही. पहाटे दोन तास छोटा दिवा लावून दिवस चौदा तासांचा केला तर काही घालतात. मी लावत नाही, पिसं गाळून विश्रांती घेऊ देते. दिवाळीला अंडी पुन्हा गडद येतात. पायांची पिसं दर आठवड्याला बघा. चिखलाचे गोळे कोमट पाण्यात भिजवून सोडवा, ओढू नका, रक्त येतं. नडगीवरचे खवले उचलल्यासारखे, पांढरट भुकटी धरलेले दिसले तर आत किडे आहेत. खोबरेल तेल पायभर चोपडा, तीन-चार दिवसांआड, महिनाभर.

चैत्र-वैशाखात काळी, जड कोंबडी ऊन खाते. चोच वासून, पंख पसरून उभी राहिली की सावलीत न्या, पाय ओल्या मातीत उभे करा. दुपारी दाणा घालू नका, पहाटे आणि सूर्य मावळताना घाला. पाणी मातीच्या परळात, दिवसातून तीनदा बदलून. या दोन महिन्यांत अंडी उबवायला लावण्यात अर्थ नाही, माठातही ती टिकत नाहीत.

आमच्याकडे हिरव्या वाळ्याची जी कोंबडी आहे, तिच्यापासून सगळं सुरू झालं. पहिलं अंगठ्याला रंग लावणारं अंडं तिचंच. आता ती पाचव्या वर्षात आहे, महिन्याला चार-पाच अंडी देते, तीही कुंद्याच्या रंगावर आलेली. तिच्या दोन लेकी मात्र वहीत सलग ८ वर आहेत. कोंबडा तिसऱ्या घरचा, खारकेच्या वरच्या अंड्यातून निघालेला, दसऱ्याला आमच्याकडे यायचाय. तीन आठवडे त्यांच्यासोबत बंद राहील, आणि तांबडी खुडूक झाली की कार्तिकात सात अंडी तिच्या बुट्टीत जातील, कोळशासकट.